पूर्वाचं मनगट

परवा पूर्वाला घेऊन धुळ्याला गेलो होतो, हृदयाच्या डॉक्टरांकडे. पूर्वा माझी मुलगी, यंदा बारावीला. उंच, सडपातळ... व्हॉलीबॉलच्या जिल्हा संघात आहे. होती, असं आता म्हणायला हवं.

सुरुवात चष्म्यापासून झाली. नंबर सारखा वाढतोय म्हणून जळगावात दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय. मग त्यांनी भलतंच विचारलं... "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

माझे थोरले भाऊ, आबा. ऐन पस्तिशीत, चोपड्याकडच्या आमच्या मळ्यात केळीचे घड उतरवताना छाती धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत. गाव म्हणालं, बाहेरचं काहीतरी झालं. आम्हीही दरवर्षी बांधावर नारळ ठेवत आलो.

धुळ्याच्या डॉक्टरांनी टेपने पूर्वाचे हात मोजले, पाठ बघितली. एका हाताने दुसरं मनगट धरायला लावलं, तर तिचा अंगठा करंगळीच्या नखावरून पार पुढे गेला. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली... हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगलेली.

"मार्फन सिंड्रोम," ते म्हणाले. "शरीर बांधून ठेवणारे धागेच जन्मापासून कच्चे असतात." "एका तपासणीत कळत नाही. डोळे, हाडं, हृदय, घराणं, सगळं जुळवावं लागतं." तिचं जुळत होतं. खेळ बंद, गोळ्या सुरू, वाहिनी आणखी फुगली तर ऑपरेशन. बहुतेक वेळा हे आई किंवा वडिलांकडून येतं, म्हणून आम्हा दोघांचाही इको सांगितला.

बाहेर बाकावर बसलो. पूर्वाने माझे हात ओढले आणि माझीच बोटं माझ्या मनगटाभोवती गुंडाळली. "पप्पा, तुमचं पण जमतंय!" ती हसली. वर आजीच्या बोलीत म्हणाली, "मी तुमनीच पोर शे, पक्की!"

मग एकदम थांबली. "म्हणजे आबाकाका... आणि तुम्ही पण?"

"माझा इको व्हायचाय अजून," मी म्हणालो. जळगाव येईपर्यंत ती एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघत होती.

तुमच्या घरात कोणी असं अचानक गेलं असेल, तर बांधावर नारळ ठेवा, पण पोरांना डॉक्टरकडेही न्या. आबा गेल्यावर आम्ही नेलं नाही.

माझा इको सोमवारी आहे. त्याची भीती नाही... पण पहाटे देवापुढे बसलो की पोरीला सांभाळ म्हणायला तोंड उघडतो, आणि हे तिला माझ्याकडूनच आलं असेल, या विचाराने शब्दच फुटत नाही.