सव्वा मूठ गहू आणि एक गोळी

मी रोज सकाळी एक गोळी जिभेखाली ठेवतो. ती विरघळेपर्यंत आठ-दहा मिनिटं बोलता येत नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ही शिक्षाच. पण ती गोळी आहे म्हणून मी आज जळगावात, मेहरूण भागातल्या एका गॅरेजमध्ये दुसऱ्यांचे ट्रक खोलून पुन्हा जोडतो. हे मी मान खाली न घालता सांगतो.

पूर्वी ट्रक मीच चालवायचो. फैजपूरहून केळी भरायची आणि माल पिकायच्या आत दिल्ली गाठायची. झोप येऊ नये, अंग दुखू नये म्हणून ढाब्यावर चहातून अफूच्या बोंडांची भुकटी घ्यायला लागलो आणि पुढे गर्दपर्यंत पोचलो. पाच वर्षं त्यात गेली. मग जळगावच्या उपचार केंद्रात ही गोळी सुरू झाली, अंगाची तडफड थांबली, पुन्हा भूक लागायला लागली. थोरला भाऊ मात्र म्हणायचा, एक सोडलं नि दुसरं धरलं. मला ते झोंबायचं, कारण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

आमचं गाव नरडाण्याजवळ. श्रावणात घरी आमची खानदेशी देवी, कानबाई बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, आई घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढते. ते दळून केलेला रोट भाऊबंदांनीच खायचा, आणि एकत्र बसून. त्या वर्षी मी ठरवलं, देवीसमोर गोळी खाणारा म्हणून बसायचं नाही. गोळी तेव्हा रोज केंद्रात जाऊनच घ्यावी लागायची; चार दिवस आधी तिथं जाणंच बंद केलं. कोणाला विचारलं नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

रोटाच्या दिवशी मी मागच्या खोलीत दोन गोधड्या पांघरून कुडकुडत होतो. नाक गळत होतं, पाय तुटत होते, पोट थांबत नव्हतं. आई सगळ्यांना ताप आलाय म्हणून सांगत होती. माझ्या नावाचा रोट दुसऱ्यांनी खाल्ला. इतकी लाज मला गर्दच्या दिवसांतही वाटली नव्हती. आणि हेही सांगतो, त्या वेळी कोणी पुडी पुढे केली असती तर मी घेतली असती.

सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर गेली आणि मी जळगावला. केंद्रातल्या डॉक्टरबाई रागावतील म्हणून भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे कानबाईनं सांगितलं होतं, की तुम्हीच ठरवलंत?"

मला आधी हसू आलं, मग रडू. गोळी पुन्हा सुरू झाली. कधी कमी करायचीच झाली तर दोघांनी बसून, हळूहळू करू, एकट्यानं नाही, असं त्यांनी बजावलं.

पुढच्या श्रावणात केंद्रानं सणापुरत्या गोळ्या बरोबर दिल्या. आई गहू काढायला बसली तेव्हा भाऊबंदांसमोर मी स्वतःच सांगितलं, मी ही गोळी घेतो, उद्याही घेणार आहे, आणि कोणाची हरकत असेल तर माझी मूठ काढू नका. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, फार कमी बोलतात. ते आईला म्हणाले, "त्यान्ही मूठ काढ. दवाखानानी गोई शे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पानं वाढून झाली तेव्हाच माझी गोळीची वेळ झाली. मी सगळ्यांदेखत ती जिभेखाली ठेवली आणि हातानं खूण केली, तुम्ही सुरू करा. कोणीच सुरू केलं नाही. थोरल्या भावानं उचललेला घास पानात परत ठेवला. रोट निवत होता, पोरं चुळबुळत होती, आणि सगळे भाऊबंद माझ्या तोंडाकडे बघत गप्प बसले होते. माझी छाती इतकी भरून आली की गोळी गिळली जाईल अशी भीती वाटली.

शेवटी आबांनी विचारलं, "विरघयनी का?"

मी मान हलवली, आणि मगच त्यांनी पहिला घास घेतला.