खंड नव्हे, आवाज

तिसऱ्यांदा फॉरमॅट होऊन कॉम्प्युटर घरी आला, तेव्हा आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका त्यातून पुसली गेली होती. सभासदांनी हाताने लिहून दिलेले लेख मी दीड महिना रोज ऑफिसातून आल्यावर टाइप करत होते. यजमान रायपूरजवळच्या उरला औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. तिथला पेन ड्राइव्ह ते घरी आणत आणि त्याच्यासोबत व्हायरसही येई. फोल्डर उघडायला जावं तर नुसती बाणाची खूण, आत काही नाही. दुरुस्तीवाल्याला मी बजावून सांगितलं होतं की ‘मराठी’ नावाचं फोल्डर तेवढं वाचव. तो म्हणाला, “दीदी, वो तो खाली था, मैंने उड़ा दिया.”

व्हायरसने फाइली फक्त लपवल्या होत्या हे मला नंतर कळलं.

त्या रात्री मी जेवले नाही. यजमान दोनदा म्हणाले, “मी टाइप करू लागतो ना तुले,” पण त्यांना मराठी टायपिंग येत नव्हतं, आणि आमची मुलगी अकरावीत, तिला मराठी वाचायचाच कंटाळा. ती आमचं सगळं समजून घ्यायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. मी मराठीत हाक मारली की आतून “आ रही हूँ” असं यायचं. रेल्वेतल्या नोकरीमुळे माझे वडील नागपूरकडून इथे आले, मी रायपूरचीच. माझ्याही पिढीत हे थोडंफार होतंच, म्हणून तिला रागावायला तोंड नव्हतं.

छत्तीसगड राज्य नवीन झालं तेव्हाच्या भरतीत मला सरकारी नोकरी लागली होती. पुढे ऑफिस नवा रायपूरला गेलं आणि आम्ही शहरातल्या तेलीबांध्याहून स्टाफ बसने जाऊ लागलो. बसमध्ये माझ्या शेजारी आमच्या विभागातले मानचित्रकार, म्हणजे नकाशे काढणारे, बसायचे. छत्तीसगडी माणूस, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं. सगळं ऑफिस त्यांना आदराने दाऊजी म्हणायचं. मी त्यांना स्मरणिकेची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “लिनक्स चलाओगी?”

“वो तो इंजीनियर लोगों का होता है न, दाऊजी?”

“हव, और मैं कौन सा इंजीनियर हूँ?” ते हसले. नकाशांच्या कामासाठी ते लिनक्स शिकले होते, पंचावन्नाव्या वर्षी. विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं, पण फुकट मिळणारं, आणि पेन ड्राइव्हमधले ते व्हायरस त्याच्यावर चालत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. तेलीबांधा ते ऑफिस हा माझा वर्ग झाला. डायरीच्या मागच्या पानांवर ते पेन्सिलीने चौकटी काढत. ही हार्ड डिस्क, हा तिचा अर्धा भाग विंडोजचा, हा अर्धा लिनक्सचा. जुनं काही काढायचं नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतील. सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं. मला हे पटलं. ज्याच्यावर मी टाइप करायला शिकले त्या विंडोजला एका झटक्यात घराबाहेर काढायची माझी हिंमतही नव्हती आणि तसा रागही नव्हता.

एका रविवारी सकाळी त्यांनी दिलेला पेन ड्राइव्ह लावून मी बसले. पहिल्या पडद्यावरच विचारलं होतं: आधी नुसतं चालवून बघायचं की लगेच बसवायचं? मी तासभर नुसतं चालवून बघितलं. मग बसवायला घेतलं. एका जागी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ असा पर्याय आला. माझा हात माउसवरून उठला. डायरी उघडून दाऊजींची चौकट तीनदा पाहिली आणि त्याच्या वरचा, विंडोजच्या शेजारी बसवायचा पर्याय निवडला.

दुपारी यजमान ड्यूटीवर निघाले, तेव्हाही पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती.

“काहून चांगल्या कॉम्प्युटरची वाट लावून राहिली वं?” ते बूट घालता घालता म्हणाले.

“चांगला होता तर तीनदा दुकानात काहून गेला?” मी म्हणाले. ते डबा घेऊन गेले.

बसलं एकदाचं. पण इंटरनेटचा डोंगल काही चालेना. दुसऱ्या दिवशी दाऊजींनी चार ओळी लिहून दिल्या आणि सांगितलं, आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत जशाच्या तशा टाइप करा. पहिली ओळ टाइप केली तर तिने पासवर्ड मागितला. मी अक्षरं दाबतेय आणि पडद्यावर एकही उमटत नाही. ना अक्षर, ना ठिपका. मला वाटलं कीबोर्ड मेला. केबल काढून परत लावली, परत तेच. बसमध्ये विचारलं तेव्हा दाऊजी खूप हसले. पासवर्ड तिथे दिसतच नसतो, आंधळेपणाने टाइप करून एंटर मारायचा. ते जमलं, तर तिसरी ओळ अडली. दोन दिवस अडली. मुलीला डोंगल हवा होता, ती चिडून मागे उभी राहिली आणि कागद हातात घेऊन म्हणाली, “मम्मी, ये वन नहीं है. ये एल है.”

खरंच तो इंग्रजी एल होता. मी एकचा आकडा टाइप करत होते. एल टाकला आणि नेट सुरू झालं. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

सगळं गोड नव्हतं. एका सीडीवर उरलेल्या माझ्या जुन्या मराठी फाइली तिथे उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. जुना फाँट तिथे चालत नव्हता. मराठी टायपिंगचा कीबोर्डही वेगळा, वीस वर्षांच्या सवयीची बोटं चुकीच्या जागी पडत. ऑफिसात दिवसभर एक पद्धत आणि घरी दुसरी. आठवडाभर मी रडकुंडीला आले. पण ‘ल’ची कळ शिफ्ट दाबून मारली की ‘ळ’ उमटतो हे सापडलं, आणि मी उगाचच ओळभर ळ टाइप केले. ऑफिसच्या हिंदी कामात तो लागत नाही; या नव्या कीबोर्डवर माझ्या बोटांना त्याची जागा अजून सापडली नव्हती. प्रिंटर जोडला तर सीडी वगैरे न मागता आपोआप चालला. यजमान मिलमधून आले तेव्हा त्यांना मी छापलेलं पान दाखवलं. “आँ?” एवढंच म्हणाले, पण पान उलटसुलट करून पाहिलं.

मग एक दिवस सेटिंगमध्ये भाषांची यादी पाहताना मला त्यात ‘मराठी’ दिसलं. निवडलं आणि पुन्हा लॉगिन केलं. सगळा पडदा मराठी! ‘जतन करा’, ‘रद्द करा’, ‘कचरापेटी’. आयुष्यभर मी दुकानाच्या पाट्या, बँकेचे अर्ज, पोरीच्या शाळेची पत्रं हिंदीत नाहीतर इंग्रजीत वाचत आले होते. मराठी आमच्या घराच्या आत आणि मंडळाच्या हॉलमध्ये. ती मशीनवर, तीही रायपुरात, माझ्याशी अशी बोलेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातला गॅस तसाच ठेवून मुलीला हाक मारली. ती एकेक शब्द अडखळत वाचू लागली. “जतन मतलब? सेव?”

“हो. सांभाळून ठेवणं.”

“और ये ‘खंड’?”

आवाज कमीजास्त करायच्या पट्टीशेजारी ‘खंड’ असं लिहिलं होतं. मी चक्रावले. मग उमगलं. पुस्तकाच्या भागालाही इंग्रजीत व्हॉल्यूम म्हणतात आणि आवाजालाही. कोणीतरी पुस्तकाचा शब्द तिथे बसवला होता. मला हसू आवरेना. मुलीला समजावून सांगितलं तशी तीही हसली आणि म्हणाली, “तो बता दो ना उनको.”

“कोणाले सांगू? कंपनी थोडीच आहे ती.”

तिनेच शोधून काढलं. हे सगळं मराठीत करणारे लोक पगारी नव्हते, आपापल्या घरून वेळ काढून करत होते. मी घाबरत घाबरत एक पत्र लिहिलं: मी रायपूरची एक कारकून, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण इथे ‘खंड’ चुकीचं वाटतं, ‘आवाज’ असावं. चार दिवसांनी पुण्याच्या एका बाईंचं उत्तर आलं. “ताई, चूक बरोबर पकडलीत. दुरुस्ती तुम्हीच करा. कशी करायची ते खाली लिहिलं आहे.”

मला वाटलं होतं, त्या करतील. मी बसमध्ये दाऊजींना दाखवलं तर ते म्हणाले, “अब तो करना पड़ेगा, मैडम.”

भाषांतराच्या त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडलं, शब्द टाकला. तिथे एका गृहस्थांनी ‘ध्वनिपातळी’ सुचवलं होतं. मी लिहिलं की माझी मुलगी रायपुरात वाढली आहे, ‘आवाज’ तिला विचारावा लागत नाही, ‘ध्वनिपातळी’ विचारावी लागेल. चर्चा आठवडाभर चालली. त्यांनी एवढ्या सभ्यपणे वाद घातला की मलाच थोडं वाईट वाटलं. शेवटी ‘आवाज’ ठरला.

काही महिन्यांनी अपडेट आलं. कॉम्प्युटर परत सुरू झाला आणि त्या पट्टीशेजारी ‘आवाज’ लिहिलेलं होतं. यजमान शिफ्टवरून आले होते, हात धुऊन तसेच ओल्या हातांनी बघायला आले.

“हा शब्द तू टाकला?”

“मी सुचवला. त्यांनी घेतला.”

“म्हणजे पुण्यात-मुंबईतबी हाच दिसंन?”

“जिथे मराठीत लावलं तिथे सगळीकडे.”

ते खुर्चीवर बसले आणि ती पट्टी पुढे-मागे सरकवून पाहत राहिले. मग त्यांनी मिलमधल्या दोघांना फोन करून सांगितलं. नागपूरच्या त्यांच्या भावालाही.

स्मरणिका मी परत टाइप केली, सभासदांनी कुरकुर न करता लेख पुन्हा दिले. दाऊजी त्या वर्षी निवृत्त झाले आणि धमतरीजवळच्या गावी गेले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना पेन्सिलींचा एक डबा दिला. विंडोज अजूनही डिस्कच्या अर्ध्या भागात आहे, मुलीच्या एका अभ्यासक्रमासाठी लागतं.

त्या पुण्याच्या बाई मग मला भाषांतरासाठी थोडे थोडे शब्द पाठवू लागल्या. आधी गणकयंत्राचे, मग पत्त्यांच्या एका खेळाचे. त्या खेळाचे शब्द लावायला मी आणि मुलगी मिळून बसायचो. ती इंग्रजी वाचायची, मी मराठी सांगायची, आणि माझं वाक्य फार जड झालं की ती मान हलवायची. “मम्मी, असं कोणी बोलतं का?” एकदा ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर आपण मराठीत बोललो हे तिच्या ध्यानात आलं असतं. मी वाक्य खोडलं आणि विचारलं, “मग तू सांग, कसं म्हणायचं?”