हेफिनचं जाळं

कुमहेलिगच्या रग्बी क्लबात हेफिन प्रॉसरने चौतीस वर्षं काम केलं आणि या चौतीस वर्षांत एकही सामना धड पाहिला नाही. त्याचं काम मैदानात नव्हतंच, नदीत होतं.

वरच्या अंगाच्या गोलखांबांमागे जेमतेम दहा पावलांवर नदी. लाथ जरा जोरात बसली की चेंडू पाण्यात, आणि पाण्यात पडलेला चेंडू खालच्या गावाचा. क्लब निघाला त्या पहिल्या हंगामात असे सात चेंडू वाहून गेले. खालच्या नॅन्टडीवाल्यांनी ते परत तर दिले नाहीतच, उलट त्यांच्याच जोरावर स्वतःचा संघ काढला, असं कुमहेलिगचे लोक आजही शपथेवर सांगतात. तेव्हा समितीने ठराव केला की नदीत एक माणूस उभा करायचा, लांब दांड्याचं जाळं देऊन. पुढे त्या जाळ्याला आणखी एक काम चिकटलं. हिवाळ्यात नदीवरून धुकं उठायचं आणि खांबांपासचं कुणालाच काही दिसायचं नाही. मग नदीवाल्याने सांगायचं. चेंडू खांबांच्या मधून गेला तर जाळं उंच, नाही गेला तर जाळं आडवं. पंचसुद्धा ते मानायचे.

हेफिनचा गुडघा त्याच्या तिसऱ्याच सामन्यात कामातून गेला आणि जाळं त्याच्या हातात आलं. वय चोवीस. त्या दिवसापासून गावाने त्याला ‘हेफिन नदी’ म्हणायला सुरुवात केली. त्यावर तो जरासा खूशच झाला, कारण तोवर त्याचं नाव ‘इडवलचा भाऊ’ एवढंच होतं.

इडवल दोन वर्षांनी थोरला. संघाचा लाथ मारणारा तोच, आणि मार्च महिन्यातल्या चिखलातूनही चाळीस पावलांवरून खांब गाठणारा. हेफिनला जन्मापासून मिळालं ते त्याचं उतरलेलं. कोट इडवलचा, बाह्यांतून बोटंही बाहेर येत नसत. बूट इडवलचे, टाचा इडवलच्या चालीने झिजलेल्या. जेवताना मटणाचा मऊ तुकडा इडवलच्या ताटात, कारण त्याला शनिवारी खेळायचं असे. माणसाच्या मनात जळफळाट कुठून येतो, असं हेफिनला कुणी विचारलं असतं तर त्याने सरळ आईच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं असतं.

चौसष्टच्या मार्चमध्ये खोऱ्याच्या ढालीचा शेवटचा सामना झाला, समोर नॅन्टडी. शहरातल्या मोठ्या क्लबाचा एक माणूस इडवलला बघायला आला होता. त्याला इडवल पसंत पडला तर इडवल खाणीतल्या कामातून सुटणार, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. हेफिन मांडीभर पाण्यात. शेवटच्या पाच मिनिटांत आई चहाचा थर्मास घेऊन काठावर आली. हेफिनची बोटं गारठून निळी पडली होती. त्याने हात पुढे केला.

“थांब रे,” आई म्हणाली. “आधी इडवलला. उरला तर तुला.”

तेवढ्यात शिट्टी वाजली. नॅन्टडी आठ, कुमहेलिग सहा, आणि इडवलला तीन गुणांची लाथ. आईने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. धुक्यात बुटाचा ठोका ऐकू आला आणि मग चेंडू दिसला, डाव्या खांबाच्या हातभर आतून, शांतपणे येणारा. तो हेफिनच्या पुढ्यात पाण्यात पडला.

खांबांखाली दोन्ही गावांचा एकेक निशाणवाला उभा होता. एकाने निशाण वर केलं, दुसऱ्याने नाही. त्यात नवल ते काय, एका चेंडूवर दोन गावांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं होतं? पंच धावत धुक्यातून नदीपर्यंत आला.

“काय रे, आत की बाहेर?”

हेफिनने जाळं आडवं धरलं.

आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं. हात थरथरला नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, नंतर पुष्कळदा आठवूनही तसली काही सबब त्याला सापडली नाही. त्याला एवढंच वाटलं होतं की एकदा, फक्त एकदा, इडवललाही उरलेलं मिळू दे.

गावाने हू की चू केलं नाही. सख्खा भाऊ, आपल्याच गावचा, तो कशाला खोटं बोलेल? शहरचा माणूस “ऐन वेळी पाय डगमगतो” म्हणून निघून गेला. इडवल सोमवारी खाणीत उतरला आणि पुढची पंचवीस वर्षं उतरत राहिला. खांबांवर लाथ त्याने पुन्हा कधी मारली नाही. हेफिनचं मात्र नाव झालं. नॅन्टडीवालेही म्हणू लागले, माणूस असावा तर असा, गावाची ढाल गेली पण जाळं खोटं बोललं नाही. हेफिन ते ऐकायचा आणि बिअरच्या ग्लासात बघत बसायचा.

एवढं करून जळफळाट गेला म्हणावं, तर तेही नाही. हरलेल्या इडवलला गाव जास्तच जीव लावू लागलं. त्याच्यासमोर ग्लास आपोआप यायचा. तो पोरांना शिकवायला लागला तर पोरं त्याच्यामागे, पुढे खाणीच्या धुळीने छाती धरली तर अर्धं गाव सूप घेऊन त्याच्या दारात. हेफिनला दर हिवाळ्यात सर्दी व्हायची, तिची चौकशी कुणी केली नाही.

शहाण्णव साली क्लबाला शंभर वर्षं झाली. शाळेतल्या बेथनबाई क्लबाचा इतिहास लिहीत होत्या. एका दुपारी त्या टाइप केलेला कागद घेऊन हेफिनकडे आल्या.

“काका, हे एक अख्खं पान तुमचं,” त्या म्हणाल्या. “बघा बरं, काही चुकलंय का. सोमवारी छापायला जातंय.”

पानाचं नाव होतं ‘प्रामाणिक जाळं’. भावाविरुद्ध, गावाविरुद्ध खरं बोललेल्या माणसाची गोष्ट. खाली इडवलबद्दल अर्धी ओळ: त्याची लाथ थोडक्यात हुकली.

“इडवलला पान नाही?” हेफिनने विचारलं.

“नाही. फोटो आहेत ना त्यांचे.”

“फोटोला काय,” हेफिन म्हणाला. “फोटो सगळ्यांचेच असतात.”

त्याचा स्वतःचा एकही नव्हता. शंभर वर्षांचे फोटो काढणाऱ्यांनी सगळे नदीकडे पाठ करून काढले होते. पण पान! गुन्हा मनात होताच, पण खरं सांगायचं तर त्या दुपारी तो आनंदाखाली दबून गेला. हेफिनने कोट चढवला, गुडघा सांभाळत टेकडी चढली आणि थेट इडवलचं घर गाठलं. त्याला इडवलचं तोंड बघायचं होतं.

इडवल खिडकीपाशी, गुडघ्यांवर घोंगडी, शेजारी मनुकांच्या केकचा अर्धा राहिलेला तुकडा. कागद त्याने लांब धरून वाचला, मध्ये दोनदा खोकला.

“छान लिहिलंय पोरीने,” तो म्हणाला. “मी म्हटलंच होतं तिला.”

“काय म्हटलं होतंस?”

“ती मला पान देत होती. म्हटलं, मला नको, हेफिनला दे. जन्मभर पाण्यात उभा राहिलाय बिचारा.”

हेफिन बसायचा राहिला. “म्हणजे हे तुझं पान?”

“आता तुझं. केक खा.”

“इडवल, त्या दिवशी...”

“आत होता,” इडवल म्हणाला. “हातभर तरी आत असेल, ना? अरे, बुटावरून सुटला की पायाला कळतं. मी तर जिंकलो समजून परतसुद्धा निघालो होतो.”

त्याने कागद घडी घालून हेफिनच्या हातात परत दिला.

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? आई तुझ्या शेजारी उभी. एक पोरगा चुकला हे तिला सोसलं असतं. दुसरा खोटं बोलला, हे नसतं सोसलं. आणि गावाचं म्हणशील, तर चुकलेल्याला गाव बिअर पाजतं. तुला नदीतून वर येऊ दिलं नसतं.” तो जरा हसला. “तुझ्या नशिबी माझंच उतरलेलं आलं, हे मला दिसत नव्हतं होय? म्हटलं, नाव तरी नवं कोरं मिळू दे.”

त्याने हे प्रेमाने म्हटलं, आणि म्हणूनच ते हेफिनच्या वर्मी बसलं. बत्तीस वर्षं जिला त्याने आपली एकमेव जीत मानली, ती थोरल्याने त्याला दिली होती, कोटासारखी, घडी घालून. रडू यायला हवं होतं. आला तो संताप, तोच जुना, बाहीतून बोटं न दिसण्याचा. चांगुलपणातसुद्धा हाच पुढे!

केक न खाता तो टेकडी उतरला आणि शाळेत गेला. बेथनबाई वह्या तपासत होत्या.

“बेथन, चेंडू आत होता,” तो दारातूनच म्हणाला. “मी बघितला होता. मी जाळं मुद्दाम आडवं धरलं, इडवल जिंकू नये म्हणून. हे छाप.”

बेथनबाईंनी पेन खाली ठेवलं.

“काका, गाव तुमच्याशी बोलणार नाही.”

“माहीत आहे.”

“इडवलकाकांनी सांगायला लावलं का?”

“तो तर लपवत होता.”

“मग तुमचं पान काढून टाकते,” त्या हळूच म्हणाल्या. “त्या दिवसाचं काही लिहीतच नाही. तेवढं मी करू शकते.”

“काढायचं नाही,” हेफिन म्हणाला. कागद त्याने त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तळहाताने नीट सपाट केला. “पान माझं आहे. त्यावर लिही की हेफिन प्रॉसर खोटं बोलला. ते खोटं तरी इडवलने कधी वापरलेलं नाही.”