लीड्स मावळाजचं पोस्टमॉर्टेम

मी पॅथॉलॉजिस्ट. एखादी गोष्ट पूर्ण मेल्याशिवाय तिच्याविषयी बोलायची मला सवय नाही. आमची बेसबॉल टीम ‘लीड्स मावळाज’ कधीच बंद पडली, पण चार जुने डॉक्टर जमले की तिचे किस्से निघतातच, आणि दर वेळी कुणाला तरी एखादा नवा आठवतो! मी स्कोअरर होते, त्यामुळे खरं काय ते मला विचारा.

* * *

ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्सच्या हॉस्पिटलच्या क्रिकेट टीममध्ये आमच्या मराठी डॉक्टरांना घ्यायचे ते बारावा खेळाडू म्हणून. पाणी आणि स्वेटर पोचवून पोचवून करंदीकर सर वैतागले. सर अ‍ॅनेस्थेटिस्ट, लोकांना झोपवणं हा त्यांचा पेशा. त्या दिवशी मात्र त्यांनी आम्हाला खडबडून जागं केलं.

“आपण बेसबॉल खेळू या!”

“पण सर, आपल्याला कुठे येतो?”

“इथे तरी कुणाला येतो? निदान स्टार्ट तरी इक्वल!”

रिटायर व्हायच्या आत एक मॅच जिंकायची, एवढीच त्यांची इच्छा होती. फक्त एक!

* * *

पहिल्याच मॅचला आमच्या देशपांडेनं, म्हणजे ऑर्थोपीडिक सर्जननं, झकास फटका मारला. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं. हा बॅट घेऊन पळाला, पहिल्या बेसवर वाकून बॅट टेकवली आणि दुसरी रन काढायला उलटा परत निघाला!

अंपायरनं आउट दिलं.

“कशासाठी?” देशपांडे तावातावानं म्हणाला.

“डॉक्टर, कारण तुम्हीच निवडा!”

ती मॅच आम्ही हरलो. त्यानंतरच्याही हरलो.

* * *

आमची फील्डिंग ऑन-कॉल रोटावर ठरायची. ज्याची ड्यूटी असेल तो मैदानाच्या कडेच्या फोन बॉक्सजवळ उभा राहायचा. ब्लीप, म्हणजे खिशातला पेजर, वाजला की धावत आत. समोरच्या टीम्सना हे लवकरच कळलं. ब्लीप ऐकू आला रे आला की फटका तिकडेच!

एकदा कुलकर्णी, आमचा गायनॅकॉलॉजिस्ट, फोनवर होता आणि बॉल थेट त्याच्याकडे आला. यानं रिसीव्हर मानेत धरला, ग्लोव्हचा हात दाराबाहेर काढला. “सिस्टर, वन सेकंड हं...” कॅच! “हां, बोला, ब्लड प्रेशर किती?”

सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं आणि हा गडी हातानं गप्प बसायची खूण करत होता.

* * *

जिंकायचा दुसरा मार्ग करंदीकर काकूंनी काढला. मॅचआधी समोरच्या टीमला श्रीखंड-पुरी!

“यांना माणूस झोपवायला गॅस लागतो,” काकू सरांकडे बघून म्हणाल्या, “मला चक्का पुरतो.”

श्रीखंडानं आपलं काम चोख केलं. फक्त उरलेलं पातेलं आमच्या टीमनं चाटूनपुसून साफ केलं. तिसऱ्या इनिंगला दोन्ही टीम्स जांभया देत होत्या. मीही स्कोअर लिहिता लिहिता पेंगले, तेव्हा त्या मॅचचं नक्की काय झालं ते विचारू नका. हरलोच असणार.

* * *

आणि मग ती शेवटची मॅच, सरांच्या रिटायरमेंटच्या आदल्या रविवारची. पुढच्या सीझनला मैदानाचा कार पार्क होणार होता, त्यामुळे टीमचाही खेळ खलास. आता नाही तर कधीच नाही!

स्कोअर बरोबरीत. आमची शेवटची बॅटिंग, दोन आउट. अंधारून आलं होतं, ही इनिंग संपली की मॅच ड्रॉ, असं अंपायरनं बजावलेलं. देशपांडे दुसऱ्या बेसवर. वाटेत कुणी त्याच्या अंगाला बॉल लावून आउट केलं नाही आणि तो होम प्लेटला पोचला की आम्ही जिंकलो.

कुलकर्णीनं बॉल ठोकला. तिसऱ्या बेसवरच्या टेरी नावाच्या धिप्पाड गड्यानं सूर मारला आणि आडवाच पडला. खांदा निखळला होता. तो जिवाच्या आकांतानं ओरडायला लागला. बॉल कुठे गेला, कुणालाच दिसेना. देशपांडे त्याला ओलांडून पुढे गेलासुद्धा. होम प्लेट चार पावलांवर!

सर बेंबीच्या देठापासून ओरडले, “देशपांडे, पळ! पेशंटचं मी बघतो!”

पेशंट म्हटल्यावर देशपांडे थांबला. मागे फिरला. टेरीशेजारी गुडघे टेकले, हात धरला, हलकेच ओढला, फिरवला. खट्!

टेरी उठून बसला. त्याच्या पोटाखाली बॉल होता. त्यानं तो उचलला आणि त्याच हातानं देशपांडेच्या छातीला लावला.

“थँक्यू, डॉक्टर!”

अंपायर म्हणाला, “आउट!”

सर तरातरा मैदानात शिरले. देशपांडेचं आता काही खरं नाही! सरांनी टेरीचा तो हात धरला, वर नेला, सावकाश गोल फिरवला.

“एनी पेन?”

“नॉट अ बिट, डॉक!”

सर देशपांडेकडे वळले.

“छान बसवलायस रे. जरा वाईट बसवला असतास, तर जिंकलो असतो!”