लंकाबाईंचा उतरता दाणा

लंकाबाईंनी मनकर्णेच्या पहिल्या बाळाचे दुखणे का ओळखले नाही, या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. सोनईच्या या सुईणबाई १९४२ सालच्या त्या बाळंतपणालाही हजर होत्या. मुलगा त्यांच्याच हातांत जन्मला आणि चौथ्या दिवशी त्यांच्यासमोरच गेला. दोन वर्षांनी त्याच घरात तीच लक्षणे त्यांनी एका दुपारी ओळखली.

त्या काळी परवान्याच्या दुकानात अफू उघड मिळे. मनकर्णेच्या सासूबाई, भागूबाई, गुडघेदुखीसाठी ती घेत. सून कंबरेने बेजार झाली, तेव्हा त्यांनी मायेनेच ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी तिच्याही तळहातावर ठेवली. सकाळ-संध्याकाळच्या या गोळीची सवय केव्हा जडली, हे कोणालाच कळले नाही. गरोदरपणातही ती चालू राहिली. बाळंत होताच मात्र भागूबाई गोळी बंद करीत. पाचव्या दिवशी सटवी बाळाचे नशीब लिहायला येते, तेव्हा आईच्या दुधात कडू काही असू नये, अशी त्यांची ठाम समजूत होती.

१९४४च्या माघात मनकर्णेला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती थरथरू लागली, किंचाळू लागली, छातीशी धरली तरी दूध ओढीना. गेल्या खेपेसारखेच, म्हणून भागूबाईंनी मुलाला, गोरक्षला, भगताकडे पिटाळले. तो निरोप घेऊन आला: भगत दिवेलागणीला येईल, आणि तेव्हापासून बाळाला आईजवळ ठेवायचे नाही.

लंकाबाई त्या वेळी मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालीत होत्या. मुलगी लागोपाठ शिंकली, मग तिने मोठी जांभई दिली. समोर बाजेवर मनकर्णेनेही जांभई दिली. तिचे नाक गळत होते, दंडांवर काटा उभा होता. लंकाबाईंच्या हातातला तांब्या तसाच थांबला.

“भागू, माझा सासरा आठवतो का? दुकान बंद असलं की उंबऱ्यात बसून अशाच जांभया द्यायचा. नाक गळायचं, अंगावर काटा यायचा. तलफ हाय ही. दोघींची बी.”

“काल जन्मलेल्या पोरीला अफूबाज म्हनतीस व्हय?”

“आईनं नऊ म्हैने खाल्लं, ते पोरीनं बी खाल्लं. ती काय येगळ्या ताटात जेवली?”

 भगत येईपर्यंतची मुदत लंकाबाईंनी मागून घेतली. दुधातून मुलीलाही थोडी पोचेल म्हणून मनकर्णेला नेहमीची गोळी दिली, मुलीला मऊ लुगड्यात घट्ट गुंडाळले, खिडकीवर घोंगडी टांगली आणि पोर स्वतःच्या उघड्या छातीशी धरून त्या भिंतीला टेकून बसल्या. एव्हाना गल्लीतल्या बायका अंगणात जमल्या होत्या. आत काय चालले आहे, हे कुजबुजत दारापासून फाटकापर्यंत पोचत होते: थरथर कमी झाली, पुन्हा किंचाळली, आता आईकडे दिली, तोंड लावते, सोडते. उन्हे कौलांवरून उतरली, आणि मुलीने पहिला खरा घोट घेतला. मग दुसरा. अंगणातल्या बायका एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मला हे सांगितले तेव्हा मनकर्णाबाई पंच्याहत्तरीच्या होत्या, तरी सांगताना त्या जागच्या उठून उभ्या राहिल्या. “ओढत हुती हो ती, नुसती ओढत हुती!”

भगताला गोरक्षने वेशीवरूनच परत पाठवले.

खरे काम त्यानंतरचे होते. आजचे डॉक्टर या बाळांची काळजी वेगळ्या रीतीने, रुग्णालयात घेतात. लंकाबाईंजवळ फक्त धान्य होते. दर पाच दिवसांनी मनकर्णेच्या गोळीचे माप उतरे: ज्वारीनंतर बाजरी, बाजरीनंतर त्याहून बारीक राळा, शेवटी राजगिरा. माप त्या स्वतः पाहत. दाणा उतरला की एक दिवस मुलगी पुन्हा कापे, आणि घर श्वास रोखून बसे. आवाजाने ती दचके म्हणून भागूबाई दळण शेजारच्या घरी नेत. गल्लीतल्या बायका पाळीपाळीने येऊन तिला छातीशी धरत. मनकर्णेला नावे ठेवणारीला लंकाबाई दारातच अडवत आणि तिच्या स्वतःच्या घरातली अफू कोण खातो, ते विचारत.

“माझ्या गुडघ्यांचा दाना कोन उतरवनार?” भागूबाईंनी एकदा विचारले.

“तुझा? तुला पोत्यापासनं सुरुवात करावी लागंल.”

भागूबाई हसल्या आणि हसता हसता म्हणाल्या, “म्हंजे गेल्या खेपेला पोरगा...”  मनकर्णेने मुलगी त्यांच्या मांडीवर दिली.

बाविसाव्या दिवशी राजगिऱ्याएवढी गोळीही थांबली. त्या दिवशी मुलगी दर खेपेला पोटभर प्यायली आणि रडली ती केवळ भुकेने. लंकाबाईंनी तिला उचलून सगळ्या गल्लीला दाखवले. बारसे लांबले होते. ते त्याच आठवड्यात झाले आणि नाव ठेवले राही.

१९६३च्या मार्चमध्ये श्रीरामपूरला राहीला मुलगा झाला. जिला त्यांनी जगवले, तिचे बाळ पाहायला लंकाबाई नव्हत्या; त्या १९६१ साली वारल्या होत्या.