तुळईला टांगलेला शिंपी

देवळात शिरताना दोन्ही पायांतल्या वहाणा बाहेर काढायच्या असतात, हे माझ्या पोरांना मीच शिकवलं. आणि त्या दिवशी मीच एक काढून दुसरी तशीच पायात ठेवून आई योगेश्वरीच्या सभामंडपात शिरलो. मार्गशीर्षातलं नवरात्र, दर्शनाला ही झुंबड. उजव्या पायाला फरशी गार लागत होती, डाव्याला काहीच लागत नव्हतं. मला वाटलं, आईनं आज डावीकडची फरशी तापवून ठेवलीय. तेवढ्यात मागून एक म्हातारी कडाडली, "आरं मुडद्या, पायात बघ की!" खाली पाहिलं तर माझी नवी, करकर वाजणारी वहाण. साऱ्या मंडपाला तिचा आवाज गेला होता, फक्त मला नाही. ती काढायला वाकलो आणि डाव्या अंगावर जो कोसळलो, तो चार माणसांनी घोंगडीत घालून घरी आणेपर्यंत आडवाच होतो. अंगावरून वारं गेलं होतं.

ही हकीकत मी घरात पुष्कळदा सांगितली आहे. पाहुणे आले, पोरीबाळी माहेरी आल्या की मला बसवतात आणि सांगायला लावतात. सांगताना मी हसवतो, आणि मधला काळा भाग हळूच गाळून पुढं जातो. आज लिहायला बसलो तर तो गाळता येईना. कापड बेततानाही माझं असंच होतं, कात्री कागदावर सरळ चालते आणि कापडावर अडते.

मी आंब्याचा शिंपी. सरकारी कागदात गावाचं नाव मोमिनाबाद, आमच्या तोंडी आंबं. चाळिशी ओलांडून पाच-सहा वर्षं झालेली, हाताला गुण होता, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. तो ताठा पहिल्या आठवड्यातच उतरला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि सांगितलं, वारं गेलेल्या माणसाला वारं लागता कामा नये. झालं. खिडकीला पोतं, दाराला वाकळ, आणि मी आतल्या खोलीत. कुणी सांगितलं म्हणून पारव्याचं रक्त चोळलं, कुणी सांगितलं म्हणून लसणाचं तेल. डावा हात छातीशी मुडपून मूठ वळून बसला. डावा पाय खाटेवर होता, पण तो शेजाऱ्यानं आणून ठेवल्यासारखा होता. मंडळी, म्हणजे माझी बायको, मला कुशीवर वळवायची, पुसायची, पेज भरवायची. निम्मी पेज तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून उशीवर जायची. त्यातून उठून ती बाहेर बसून लोकांचे सदरे शिवायची, कारण घरात दुसरे हात नव्हते.

माझ्या मनात मात्र एकच गोष्ट पक्की बसली होती. आईनं मला वहाणेची सजा दिली. दुसऱ्या कुणाला हे दुखणं आलं असतं तर तो आईलाच नवस बोलला असता. मी कुठल्या तोंडानं बोलणार? तोंडही त्या वेळी वाकडंच होतं. अंधारात दिवस मोजायचीही सोय नव्हती. माणूस रडला तर त्याचं त्याला बरं वाटतं म्हणतात. माझा एकच डोळा नीट रडत होता, दुसरा नुसताच उघडा राहून गळायचा. फाल्गुनात मी ठरवलं की आता खायचं नाही. दोन दिवस दात घट्ट दाबून भिंतीकडं तोंड करून पडलो. तिसऱ्या दिवशी मंडळी पेजेची वाटी घेऊन आली, खाली ठेवली आणि म्हणाली, "मरायचं आसंल तर लगीनसराई सरल्यावर मरा. आता मला सवड न्हाई." आणि सुई घेऊन बाहेर गेली. घरात हा भाग सांगितला की सगळे हसतात. त्या दिवशी ती बाहेर जाऊन किती वेळ सुईत दोरा ओवत बसली होती, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. दोऱ्याला आवाज नसतो. तिच्या नाकाला होता.

चाचा आले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी त्यांना ओळखत नव्हतो. साठीपलीकडचे, मेंदीनं लाल केलेली दाढी, पाय घोड्यावर बसून बसून कमानीसारखे वाकलेले. गावात घोडदळाचा रिसाला होता तेव्हा ते तिथं सलोत्री होते, म्हणजे घोड्यांचे वैद्य. रिसाला उठून गेला, चाचा आणि त्यांची एक म्हातारी घोडी मागं राहिली. ती घोडी त्या आठवड्यात मेली होती, आणि तिच्या पाठीवरच्या झुलीची अंथरायला वाकळ करून घ्यावी म्हणून ते शिंप्याचं घर विचारत आले होते.

"शिंपी आजारी हाय," मंडळी दारातून म्हणाली.

"काय झालंय?"

"वारं गेलंय."

चाचा न विचारता आत आले. दारावरची वाकळ बाजूला केली, खिडकीचं पोतं ओढून काढलं. तीन महिन्यांनी माझ्या डोळ्यांत ऊन गेलं. मी ओरडलो.

"आवाज हाय की!" ते खूश होऊन म्हणाले. मग माझ्या डाव्या पायाचा तळवा हातात घेतला, जसा घोड्याचा खूर घेतात तसा, गुडघ्यावर ठेवून, आणि अंगठ्याचं नख टाचेपासून वर ओढलं. मला काही कळलं नाही. पण पायाचा अंगठा हलला. तो मंडळीनं पाहिला आणि तिच्या हातातली कात्री खाली पडली.

"मेला न्हाई, निजलाय," चाचा म्हणाले. "किती दिस आडवे हायेत?"

"तीन म्हैने."

"घोडं तीन दिस आडवं ऱ्हायलं तर आमी त्याची आशा सोडत व्हतो. आन् ह्यांला तीन म्हैने कावून निजीवलं, बाई?"

रात्रंदिवस आईला मनात विनवत होतो की निदान मरण तरी धाड, आणि तिनं धाडला घोड्यांचा वैद्य. मला वाटलं, तिनं माझी लायकी बरोबर ओळखली.

चाचांनी सांगितलं की ज्या घोड्याला उभं राहता येत नाही त्याला पोटाखालून रुंद पट्टा घालून वर टांगतात. पाय जमिनीला नुसते टेकायचे. वजन पट्ट्यावर, काम पायांवर. पट्टा कशाचा करायचा? त्यांनी काखेतली झूल पुढं केली. मंडळी म्हणाली, "चाचा, ही तर तुमच्या घोडीची." ते म्हणाले, "ती आता कुटं उबी ऱ्हाणाराय?"

तो पट्टा मी शिवला. माझ्या उजव्या हातात सुई, आणि डावा हात मंडळीचा. ती कापड ताणून धरायची, मी टाका घालायचा. पोरं सोडली तर आमच्या संसारात दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. टाके वाकडे आले. आजवर इतकी वाकडी शिवण माझ्या हातून कधी झाली नाही आणि इतकी मजबूतही.

दुसऱ्या दिवशी मला तुळईला टांगलं. सारी गल्ली दारात जमली. एक जण म्हणाला, "का हो वैनी, शिंप्याला धुवून वाळत घातलंय का?" चाचा ओरडले, "हट बे, चल निघ!" आणि खाली बसून त्यांनी माझा डावा गुडघा हातानं वाकवला, पाय पुढं ठेवला. "टाच आदी. बोटं मागून. टाच आदी." घोड्याला करतात तसं जिभेनं टक् टक् करायचे. सकाळ-संध्याकाळ वाळल्या गवताची मूठ करून मांडीपासून घोट्यापर्यंत घासायचे, वाळूची गरम पुरचुंडी मुठीवर ठेवून एकेक बोट उलगडायचे.

एकदा गवत घासता घासता त्यांनी विचारलं, "तोंड कावून पाडून ऱ्हाता?" मी कसंबसं वहाणेचं सांगितलं. आईचा कोप झाला, म्हणालो. त्यांनी गवत खाली ठेवलं.

"वहाण पायात ऱ्हायली, ते तुमाला कळलं व्हतं?"

"न्हाई."

"मंग पाय आदीच गेलता की. देवळात शिरायच्या आदी. तुमच्या आईनं कुटं मारलं? तुमी रानात पडला असता तर कुत्र्यानं बी बगितलं नसतं. तिनं आपल्या दारात येऊस्तवर चालीवलं."

तीन महिने मी ज्या गोष्टीचा एकाच बाजूनं विचार करत होतो, ती या माणसानं कापड उलटून दाखवावं तशी उलटून दाखवली. त्या दिवशी मी दोन्ही डोळ्यांनी रडलो.

इथं पाहुण्यांना वाटतं की आता पुढं सगळं गोड होईल. झालं नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. पाय पुढं पडायचा तो चाचांच्या हातानं, माझ्या इच्छेनं नाही. एकदा पट्टा सरकला, तोंडावर पडलो, पुढचा दात गेला. मी चाचांना नको ते बोललो. घोड्याचं माणसाला लावता, मला जनावर समजता, जा म्हणालो. त्यांनी शांतपणे पट्टा पुन्हा बांधला. "माझी घोडी मला लई लाथा मारायची," ते म्हणाले. "तुमी अजून एक बी न्हाई मारली. मारा की. मी त्याच दिसाची वाट बगतोय."

तो दिवस त्यांनी पाहिला नाही. आषाढात त्यांना ताप आला. तीन दिवस ते फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी पट्ट्यात होतो, मंडळी परसात धुणं धूत होती, आणि गल्लीच्या तोंडाशी माणसांच्या पावलांचा आवाज आला. बोलणं नव्हतं, नुसती पावलं. कुणीतरी म्हणालं, रिसाल्यातले चाचा. मी उजव्या हातानं पट्ट्याची गाठ सोडली. कशी सोडली ते आठवत नाही. भिंतीला हात लावून टाच ठेवली, मग बोटं. पुन्हा टाच. दारापर्यंत अकरा पावलं होती. मी उंबऱ्यात पोचलो तेव्हा जनाजा समोरून चालला होता, मला फक्त खांदे दिसले आणि वरची चादर. ज्याला हे दाखवायचं तो लोकांच्या खांद्यावर आडवा चालला होता. मग माझ्या लक्षात आलं की माझा हात भिंतीवरून सुटलाय आणि मी कशालाही न धरता उभा आहे. तेवढंच लक्षात आलं, आणि पडलो.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. आईनं माणूस दिला आणि काम अर्धं असताना उचलून नेला, ही कुठली रीत? मी पट्ट्यात जायचं नाकारलं. मंडळीनं पदर खोचला, माझ्यापुढं जमिनीवर बसली, माझा गुडघा हातात घेतला आणि म्हणाली, "टाच आदी." तिला जिभेनं टक् टक् करता येत नव्हतं, तरी केलं. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. त्या बाईपुढं नाही म्हणायला माझ्याकडं तोंड उरलं नाही.

पुढच्या मार्गशीर्षात मी देवळाकडं निघालो. काठी टेकत, पाय ओढत. घर ते देऊळ, लोक एक विडा चघळून होईतो पोचतात. मला सकाळ पुरली नाही. मंडळी शेजारून चालली होती, हात न धरता, पण हाताच्या अंतरावर. मनात मी ठरवलं होतं की ज्या मंडपात पडलो त्याच मंडपात ताठ उभा राहून आत जाणार, साऱ्या गावानं पाहायचं. पहिल्या पायरीशी आलो आणि डावा पाय उचलेना. पुन्हा केलं. उचलेना. मागं रांग खोळंबली. कुणी म्हणालं, उचला रे त्यांना. मी म्हणालो, नको. घामानं अंगरखा पाठीला चिकटला, डोळ्यापुढं काळं आलं, आणि मला कळून चुकलं की हा पाय यापुढं असाच राहणार. मी जो होतो तो शिंपी पुन्हा होणार नाही.

कसं झालं सांगता येत नाही, पण त्या क्षणी आतला पीळ सैल झाला. वर्षभर मी आईकडं यायचं म्हणजे उभं राहून दाखवायचं असं धरून बसलो होतो. तिनं ते मागितलंच कधी होतं? मी काठी मंडळीकडं दिली, दोन्ही हात पायरीवर टेकले आणि गुडघ्यांवर चढू लागलो. एक-दोघं हसले. मलाही हसू आलं. आईपुढं पोचलो तेव्हा डोकं आधीच जमिनीला लागलेलं होतं, वेगळं वाकावं लागलं नाही. माझा पाय अजून ओढतो, डाव्या मुठीतली दोन बोटं अजून उघडत नाहीत. पण शरण जाणं म्हणजे काय, ते मला त्या पायऱ्यांवर थोडंसं कळलं. बऱ्या झालेल्या पायांनी आलो असतो तर तेवढंही कळलं नसतं. ज्यानं मला तिथवर आणलं त्याचा देव वेगळा होता, पण त्याला धाडलं कुणी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बाहेर आल्यावर मंडळीनं विचारलं, "काय मागितलं आईला?"

मी आठवून पाहिलं. "काहीच न्हाई. मागायचंच इसरलो."

ती पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"बरं झालं," म्हणाली. "वरीसभर मागून मागून मी तिला दमवलंय. आज तिला जरा बसू द्या. आन् मला बी."