एकोणऐंशी पूर्ण, ऐंशीवं चालू

फुटबॉल संघटनेच्या दप्तरात बसणाऱ्या त्या माणसाला सगळे मिनिटराव म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तोही निमूट ओ देई. राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यांचा सगळा इतिहास त्याच्या कपाटांत होता, आणि कपाटांपेक्षा जास्त त्याच्या डोक्यात. कुठल्या वर्षी तीनदा खेळवूनही निकाल लागेना, कुठल्या वर्षी जिंकणारे चषकाचं झाकण बसमध्येच विसरून आले, विचारा आणि उत्तर घ्या. पण विचारायला येतंय कोण! त्याची खोली मैदानाच्या पायऱ्यांखाली, छत तिरकं, भिंतीकडच्या बाजूला ताठ उभं राहायची सोय नाही. दुपारी तो एकटाच डबा उघडायचा, एकटाच मिटायचा, आणि 'झालं बुवा जेवण' असं फायलींना सांगायचा.

लग्न केलं नाही. आईवडील गेले. जवळचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, सख्खा मोठा भाऊ, आणि तो एकतीस वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा दोघे भाऊ एका खोलीत बसून मामांकरवी बोलले. "त्याला विचारा, डॉक्टरांचा दाखला कुठंय." "त्याला सांगा, टेबलावर आहे." मामा बिचारे दोन हातांच्या अंतरात निरोप्या झाले. दादाने एकदा, मरायच्या आत एकदा तरी, आपल्याला सरळ हाक मारावी, एवढीच मिनिटरावाची इच्छा. जगाकडून त्याला दुसरं काही नको होतं.

भांडण कशावरून? एका मिनिटावरून! हसू नका. भाऊबंदकीत वीतभर बांधावरून डोकी फुटतात, हे तरी अख्खं मिनिट होतं.

दादा डावा बचावपटू आणि संघाचा कर्णधार. त्या वर्षी अंतिम सामन्यात त्याचा संघ दोन-एकने पुढे होता, आणि उत्तरार्धात धुकं असं उतरलं की गोलरक्षकाला स्वतःचाच बचावपटू दिसेना. पंचांनी खेळ थांबवला. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ चेंडू बसून मघाशीच बंद पडलेलं, म्हणून ते बाजूच्या टेबलाकडे आले. टेबलावर अधिकृत वेळ लिहायला बसला होता आपला मिनिटराव, वय वर्षं सव्वीस. ऐंशीची अट सगळ्यांना तोंडपाठ होती. खेळ ऐंशीपर्यंत पोचला असेल तर आहे तो निकाल कायम, नसेल तर सामना रद्द.

"किती?" पंचांनी विचारलं.

पंचांच्या मागे दादा उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे धाकट्या भावावर.

"एकोणऐंशी," मिनिटराव म्हणाला.

झालं! सामना रद्द. हंगाम संपला होता, संघ पांगले, चषक त्या वर्षी कपाटातच राहिला. अंतिम सामन्यांच्या यादीत त्या सालापुढे फुली पडली. ना संघ, ना कर्णधार, ना खेळाडू. दादाला पुन्हा कधी अंतिम सामना लाभला नाही. गुडघा गेला, मग तो खिडक्यांच्या चौकटी करू लागला. लोक मात्र मिनिटरावाची पाठ थोपटत राहिले, "सख्ख्या भावासाठीही एक मिनिट वाढवलं नाही! याला म्हणतात सचोटी." त्या कौतुकावर एकतीस वर्षं काढली गड्याने. पण कौतुक काही संध्याकाळी घरी आल्यावर दार उघडत नाही.

यंदा संघटनेने अंतिम सामन्यांचा इतिहास छापायला काढला. बारीक अक्षरं वाचून मिनिटरावाचे डोळे चुरचुरायला लागले, म्हणून तो दवाखान्यात गेला. कागद भरता भरता परिचारिकेने विचारलं, "वय?"

"सत्तावन्न पूर्ण, अठ्ठावन्नावं चालू."

"एकच काहीतरी सांगा हो काका!" ती हसली.

काका तसेच उठले, डोळे न तपासताच बाहेर पडले आणि तडक त्या तिरक्या खोलीत येऊन त्यांनी जुना तक्ता काढला. पहिला गोल सतरा मिनिटं चाळीस सेकंदांनी झाला होता, आणि पुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अठरावं मिनिट'. फुटबॉलात लिहायची रीतच ती. सतरा पूर्ण, अठरावं चालू. खेळ थांबला तेव्हा झाली होती एकोणऐंशी मिनिटं वीस सेकंद. म्हणजे ऐंशीवं चालू! नियमावली काढली. त्यात सरळ छापलेलं, 'सामना ऐंशीव्या मिनिटात पोचला असल्यास'. सगळ्या जगाला चालू मिनिट लावणाऱ्या माणसाने भावाला तेवढं पूर्ण मिनिट लावलं होतं.

हे आपल्या आजच ध्यानात आलं, असं त्याने सचिवांना सांगितलं. आपणही तूर्त तसंच धरू. सचिव म्हणाले, "एकतीस वर्षांनी? वरातीमागून घोडं! पण नियमात बसतंय ना? घाला मग." दोन मिनिटांत काम झालं. मिनिटरावाला रडूच आलं, इतकं ते सोपं होतं.

सुधारलेलं पान घेऊन तो दुसऱ्याच दिवशी दादाकडे गेला. दार वहिनीने उघडलं. "भावोजी?" एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. दादा मागच्या पडवीत चौकट घाशीत होता. मिनिटरावाने पान पुढे धरलं आणि सगळं सांगितलं, सतरा पूर्ण, अठरावं चालू, सगळं. दादाने हात पुसले, पान घेतलं, संघाचं नाव वाचलं, स्वतःचं वाचलं, मग खालची दहा नावं एकेक करून वाचली.

आणि मान वर न करता त्याने सरळ विचारलं, मध्ये कुणी मामा नाही, "हे तुला त्या दिवशी माहीत नव्हतं?"

'नव्हतं' म्हटलं असतं तर भागलं असतं. भाऊ परत मिळाला असता, त्याच दुपारी.

"होतं," तो म्हणाला. "बोलून गेलो आणि लगेच कळलं. तू पाठ फिरवून चालायला लागला होतास. पण लोक म्हणाले असते, भावासाठी शब्द फिरवला. मी भ्यालो, दादा."

आत वहिनीच्या हातातलं भांडं थांबलं होतं.

"मी एकटा नव्हतो त्या मैदानावर," दादा म्हणाला. "अकरा जण होतो. या दहांना कोण सांगणार?"

"यातले चार गेले, दादा."

"मग त्यांच्या घरच्यांना सांग. आणि मला जे आत्ता सांगितलंस ते सांग, अठरावं चालू न् काय ते नंतर. तुला माहीत होतं, हे सांग." त्याने पान नीट घडी करून खिशात ठेवलं आणि पुन्हा घासायला घेतलं. "दहा घरं झाली की ये."

मिनिटराव रस्त्यावर आला. गोलरक्षक बारा वर्षांपूर्वीच गेला होता, त्याची बायको शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होती. त्याने तिथूनच सुरुवात केली. तिला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे 'मला माहीत होतं' हे वाक्य त्याला दारात उभं राहून तीनदा, ओरडून सांगावं लागलं.